तर्जुमानाचा करारनामा

परमुलखी सहकुटुंब फिरावयास निघालेल्या गृहस्थाने वाटाड्या कोणत्या शर्तींवर पत्करावा, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातील कैरोत ज्या रीतीने सुटे, ती मोठी मनोरंजक आहे. तेथे तर्जुमान नावाचा दुभाष्या (आपल्या दफ्तरातला 'तर्जुमा' हा शब्द त्याचाच सख्खा भाऊ) शेफर्ड्स हॉटेलच्या दारी जुन्या यजमानांची शिफारसपत्रे घेऊन तिष्ठत असे. आणि नाईलच्या सफरीसाठी दहाबिया नौका, खलाशी, आचारी, गाढवे, किंबहुना वाटेतली बक्षिसीसुद्धा एकाच रकमेत बांधून घेणारा करारनामा वकिलातीत रीतसर करून घेणे शहाणे प्रवासी श्रेयस्कर मानीत. गीझाचे पिरॅमिड म्हणजे मात्र एका दिवसाचे काम. सुवेझ कालव्याच्या १८६९ मधील उद्घाटनसमारंभाच्या निमित्ताने इजिप्तचा राज्यकर्ता खदीव इस्माईल याने तिकडे गाडीरस्ताही बांधविला.

त्याच वर्षी टॉमस कुक आपली पहिली मंडळी घेऊन नाईलवर अवतरला. १८४१ साली लेस्टरहून लफबरोला सुमारे ५०० मद्यपानविरोधी मंडळींना माणशी एका शिलिंगात नेऊन आणणाऱ्या या गृहस्थाने घासाघीस संपविली, हे खरे. परंतु यजमान व वाटाड्या यांमधील ओलावाही, माझ्या मते, त्याच्या तिकिटाने आटविला. तर्जुमान नाहीसा झाला नाही. तो कुकच्या आगबोटीवर चाकरीस राहिला.