वीजदरातील क्रॉस सबसिडी
एका ग्राहकवर्गाकडून पुरवठा खर्चापेक्षा जास्त दर घेऊन दुसऱ्याला स्वस्त वीज देण्याची पद्धत. महाराष्ट्रात उद्योग व व्यापारी ग्राहक हा भार उचलतात; लाभ मुख्यतः कृषिपंपांना व कमी वीज वापरणाऱ्या घरांना होतो. महावितरण या राज्याच्या वीज वितरण कंपनीच्या अडचणींचे खापर सहसा गळती आणि थकबाकीवर फोडले जाते, पण खरे दुखणे या रचनेतच आहे. २००३ च्या वीज कायद्याने मोठ्या ग्राहकांना खुल्या प्रवेशाद्वारे अन्य उत्पादकाकडून वीज घेण्याची मुभा दिली. म्हणजे ज्याच्या खिशातून सबसिडी निघते, त्यालाच बाहेरची वाट मोकळी झाली. तो गेला की उरलेल्यांचा दर चढतो आणि आणखी काही जण निघतात. हे रोखण्यासाठी कायद्यात बाहेर जाणाऱ्यांवर अधिभार आहे. पण कारखान्याच्या छतावरच्या सौर विजेपुढे तो फारसा चालत नाही.

सबसिडी काढली तर शेतकरी मरेल, हा आक्षेप रास्त आहे. मात्र तो मदतीचे समर्थन करतो, ती शेजारच्या कारखान्याच्या बिलातून देण्याचे नव्हे. याच वीज कायद्याच्या कलम ६५ नुसार सवलत द्यायची तर राज्य सरकारने रक्कम आगाऊ भरावी लागते. क्रॉस सबसिडी ‘संपवण्या’चे मूळ उद्दिष्ट मात्र २००७ च्या दुरुस्तीने वगळले, केवळ ‘कमी करणे’ उरले. त्यात अनेक कृषिपंपांना मीटरच नाहीत; त्यांचा वापर अश्वशक्तीवरून अंदाजला जातो, आणि अंदाजात गळतीही सहज लपते. दिवसा सौर वीज पुरवणारी २०१७ ची कृषी वाहिनी योजना पुरवठ्याचा खर्चच घटवू पाहते, म्हणून ती अधिक मूलगामी ठरते.