काच, दिवा आणि पडदा : घरी घडवलेल्या प्रोजेक्टरची मराठी वंशावळ

मराठी चित्रपटाचा इतिहास बहुधा कॅमेऱ्यापासून सांगितला जातो. कॅमेरा कोणी आणला, पहिले चित्रीकरण कोणी केले, पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट कोणाचा, यावर आपल्याकडे भरपूर लिहिले गेले आहे, वादही झाले आहेत. त्यामानाने दुसरा प्रश्न मागे राहिला. चित्र पडद्यावर पाडणारे यंत्र कोणी जोडले? त्यातला दिवा कुठून आला, भिंग कोणी बसवले, यंत्र तापले तेव्हा काय केले? प्रेक्षकांच्या पाठीमागे अंधारात उभ्या राहणाऱ्या या माणसाचा माग काढायचा तर स्टुडिओ सोडून कारागिराच्या पडवीत आणि भंगाराच्या दुकानात शिरावे लागते. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक पट्ट्यात राहणाऱ्या माझ्यासारख्याला ही वाट परकी नाही.

चामडे, मग काच

सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळीचे ठाकर कलाकार चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात. कातडे पातळ, अर्धपारदर्शक करायचे, त्यावर नक्षी कोरायची, रंग भरायचे आणि मागे दिवा ठेवून पुढच्या पडद्यावर रामायण उभे करायचे. यात एक तत्त्व आहे आणि ते या लेखात शेवटपर्यंत सोबत राहणार आहे. चित्राला स्वतःचा उजेड नसतो. ते मागून येणारा उजेड कुठे अडवते, कुठे गाळते, कुठे सोडते. उजेड दिव्याचा, चित्र फक्त त्याला आकार देणारे.

युरोपात हेच तत्त्व भिंगाला जोडले गेले आणि सतराव्या शतकात 'मॅजिक लँटर्न' जन्मली. क्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाच्या १६५९ सालच्या टिपणांत तिच्यासाठी काढलेली चित्रे सापडतात. दिवा, त्यामागे आरसा, पुढे उजेड गोळा करणारे भिंग, मग रंगवलेली काच आणि शेवटी प्रतिमा मोठी करणारे भिंग, असा तिचा क्रम. साडेतीन शतके उलटली तरी तो फारसा बदललेला नाही.

आपल्या भागात या यंत्राचे सोने केले ते कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी. त्यांच्या खेळांचा आरंभ १८९२चा मानला जातो. ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवली गेली ती ७ जुलै १८९६ रोजी, म्हणजे त्यानंतर काही वर्षांनी. पटवर्धनांनी आपल्या खेळाला नाव दिले 'शांबरिक खरोलिका'. शंबर हा मायावी असुर, त्याची विद्या ती शांबरी. परदेशी यंत्राला पुराणातले नाव देऊन त्यांनी ते घरचे करून टाकले. विनायक आणि रामचंद्र हे त्यांचे मुलगे या उद्योगात होते. काचांवर चित्रे हाताने रंगवायची, पुराणकथेतला एकेक प्रसंग काचांच्या मालिकेत विभागायचा, काचा सरकवून हालचालीचा भास घडवायचा आणि सोबत निवेदन, संवाद, संगीत योजायचे, असा तो प्रयोग होता.

रंगवणाऱ्याची कसोटी इथे वेगळी होती. तळहातावर मावेल एवढ्या काचेवरची बारीकशी चूक पडद्यावर वीतभर होते. रंग पारदर्शकच हवा, नाहीतर पडद्यावर नुसता काळा डाग दिसतो. भिंग प्रतिमा उलटी करते, म्हणून काच यंत्रात डोके खाली, पाय वर अशी घालायची. चित्रकाराला प्रकाशशास्त्र हाताने शिकावे लागत होते.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. त्याआधी पालघर, डहाणू, जव्हार, कल्याण हे सारे एकाच ठाणे जिल्ह्यात होते. तेव्हा शांबरिक खरोलिका ही आमच्या जुन्या जिल्ह्याची मिरास आहे, असे मी म्हटले तर कल्याणकरांनी रागावू नये.

कोल्हापूर : यंत्र उघडून पाहण्याची शाळा

वंशावळीतली दुसरी पिढी कोल्हापूरची. आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री घराण्यातले चुलत भाऊ. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवण्यात त्यांचा हातखंडा होता, त्यावरून 'पेंटर' हेच त्यांचे आडनाव झाले. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली आला. फाळके १९१२मध्ये लंडनला जाऊन विल्यमसन बनावटीचा कॅमेरा घेऊन आले होते. पेंटर बंधूंच्या हाती लागला तो वापरलेला प्रोजेक्टर. चित्रपट दाखवता दाखवता त्यांनी यंत्राचा अभ्यास सुरू केला.

प्रोजेक्टर उघडणाऱ्याला कॅमेरा का कळावा, याचे उत्तर यंत्रातच आहे. दोन्हींत फिल्म क्षणभर थांबते, झडप उघडते, बंद होते आणि दात असलेला आकडा फिल्म एक घर पुढे ओढतो. कॅमेऱ्यात उजेड बाहेरून आत येतो, प्रोजेक्टरमध्ये आतून बाहेर जातो, फरक एवढाच. ल्युमिएर बंधूंचे मूळ यंत्र तर चित्रण, छपाई आणि प्रक्षेपण ही तिन्ही कामे करत असे. पेंटर बंधू ज्या यंत्राने लोकांना सिनेमा दाखवत होते, त्यातच सिनेमा काढण्याची गुरुकिल्ली होती.

आनंदराव १९१६मध्ये गेले. बाबूरावांनी काम सोडले नाही. विष्णुपंत दामल्यांच्या साथीने १९१८मध्ये त्यांचा स्वदेशी कॅमेरा सिद्ध झाला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२०मध्ये 'सैरंध्री' आला. हेच दामले पुढे १९२९मध्ये 'प्रभात'च्या संस्थापकांत होते. प्रभातच्या तांत्रिक सफाईचे आपण कौतुक करतो. तिचे मूळ खोलून पाहिलेल्या जुन्या प्रोजेक्टरपर्यंत जाते, ही गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही.

बोईसर : भंगारातला पडदा

तिसरी पिढी नावांची नाही, म्हणून तिच्याबद्दल यंत्रावरूनच बोलले पाहिजे. द्रवस्फटिकांचा, म्हणजे एलसीडीचा, प्रोजेक्टर एप्सन या जपानी कंपनीने १९८९मध्ये बाजारात आणला. पुढची वीस-एक वर्षे आपल्याकडे ही चीज कचेऱ्या, हॉटेले आणि मोठी महाविद्यालये यांच्यापुरतीच राहिली. सामान्य कामगाराला तिच्यासाठी कित्येक महिन्यांचा पगार मोजावा लागला असता. त्याच सुमारास संगणकाचे सपाट मॉनिटर मात्र स्वस्त झाले आणि बिघडून भंगारातही येऊ लागले. मॉनिटरचा पडदा म्हणजे पटवर्धनांची काचच, फक्त सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवली जाणारी. मग त्यामागे मोठा दिवा आणि पुढे भिंग लावले तर? हा विचार जगभरच्या हौशी कारागिरांना एकाच काळात सुचला.

आमच्या पट्ट्यात त्यासाठी लागणारे सामान जणू मांडूनच ठेवलेले होते. तारापूर एमआयडीसीच्या शेडमध्ये छताला टांगलेले चारशे वॅटचे मेटल हॅलाइड दिवे कारखाना बंद पडला की चोकसकट विकायला निघत. शाळा-महाविद्यालयांनी टाकून दिलेले ओव्हरहेड प्रोजेक्टर मिळत. त्यांत पातळ, खाचांचे फ्रेनेल भिंग असते. एकोणिसाव्या शतकात ओग्युस्तँ फ्रेनेलने ते दीपगृहांसाठी घडवले होते. जे भिंग खलाशाला किनारा दाखवत होते, ते आता चाळीच्या भिंतीवर क्रिकेटचा सामना दाखवणार होते. असे एक यंत्र मी स्वतः बोईसरला जोडले, त्यामुळे त्याचे गणित हातचे आहे.

पंधरा इंची पडदा सुमारे ३०४ मिलिमीटर रुंद असतो. आठ फूट, म्हणजे जवळजवळ २४०० मिलिमीटर रुंद चित्र हवे असेल तर मोठेपणा आठपट. ३२० मिलिमीटर नाभीयांतराचे भिंग घेतले तर ते पडद्यापासून ३६० मिलिमीटरवर बसते आणि भिंत भिंगापासून २८८० मिलिमीटरवर, म्हणजे साडेनऊ फुटांवर येते. चाळीच्या खोलीला हे माप बरोबर बसते. मॉनिटरची चौकट काढायची, मागचा नळ्यांचा दिवा अलगद वेगळा करायचा, कारण त्या नळ्यांत पारा असतो, आणि पडद्यामागे दुमडलेली सर्किटची पट्टी उलगडून उजेडाच्या वाटेतून बाजूला करायची. या पट्टीला जोडलेली रिबन केसाएवढ्या तारांची असते. तिथे हात कापला की सारा पडदा गेला.

शंभरातले पाच

खरी लढाई उजेडाची आणि उष्णतेची. द्रवस्फटिकाच्या पडद्याला पुढे-मागे ध्रुवण करणाऱ्या दोन फिल्म असतात. पहिलीच अर्धा उजेड गिळते. मग लाल, हिरव्या, निळ्या गाळण्या उरलेल्यातला दोन तृतीयांश अडवतात. शिवाय प्रत्येक ठिपक्याभोवती तारांची काळी चौकट. शेवटी शंभरातले जेमतेम पाच-सात भाग पलीकडे पोचतात. बाजारातल्या तीन पडद्यांच्या प्रोजेक्टरमध्ये आरशांनी आधीच रंग वेगळे करून ही गाळण्यांची उधळपट्टी टाळलेली असते. घरगुती यंत्राला ते परवडत नाही, म्हणून त्याला चारशे वॅटचा राक्षस लागतो.

अडलेला उजेड नाहीसा होत नाही, त्याची उष्णता होते. पडदा फार तापला की द्रवस्फटिक आपली शिस्त सोडतात आणि चित्राच्या मधोमध काळा डाग पसरतो. वेळीच पंखा वाढवला तर डाग विरतो, नाहीतर ध्रुवणाची फिल्म कायमची करपते. म्हणून उष्णता अडवणारी काच, दोन-तीन पंखे आणि दिव्यासाठी पत्र्याची वेगळी खोली. दिव्याचे बाहेरचे काचेचे कवच फुटले असेल तर तो दिवा वापरायचाच नाही, कारण अतिनील किरण डोळे भाजतात. कंदिलाच्या तापाने काच तडकू नये म्हणून पटवर्धनांच्या काळातला लँटर्नवाला जी काळजी घेई, तीच ही.

पंख्यांचा घोंगाट, कडांना किंचित धूसर चित्र आणि भारनियमनाची टांगती तलवार. तरीही आठ फुटी पडदा. देशातले पहिले अणुवीजकेंद्र १९६९मध्ये आमच्या शेजारी सुरू झाले. त्या वीजकेंद्राच्या सावलीत माणसे वीज आली की दिवा पेटवायची आणि तो पूर्ण तेजावर येईतो चार-पाच मिनिटे गप्प बसायची. मेटल हॅलाइड दिव्याला घाई चालत नाही. विझला तर थंड झाल्याखेरीज पुन्हा पेटतही नाही.

काय जपायचे?

आता स्वस्त एलईडी प्रोजेक्टर आणि मोठे टीव्ही आले, तेव्हा या यंत्राचे प्रयोजन संपले. त्याआधी काही वर्षे चित्रपटगृहे आणि जत्रेतले तंबू डिजिटल झाले आणि पस्तीस मिलिमीटरचे ओतीव लोखंडी प्रोजेक्टर वजनावर विकले गेले. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' (२०१६) या माहितीपटात महाराष्ट्रातल्या फिरत्या टॉकीजचा हा संधिकाल टिपला आहे. त्यात जुने प्रोजेक्टर दुरुस्त करणारा एक कारागीर स्वतःच्या कल्पनेचा प्रोजेक्टर घडवताना दिसतो. पटवर्धन आणि बाबूराव यांचा तो थेट वारसदार.

आपले जतन चित्रापाशी थांबते. फिल्म जपली जाते, पोस्टर जपले जाते, मुंबईत २०१९पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही आहे. पण यंत्र नुसते काचेच्या कपाटात ठेवून ते जपले जात नाही. झडप किती वेळ उघडी, पंखा कुठल्या बाजूने, काच कोणत्या अंगाने घालायची, हे ज्ञान हातात असते आणि हातांबरोबरच जाते. बाबूरावांना जुना प्रोजेक्टर उघडता आला, म्हणून कॅमेरा झाला. आज हातातली उपकरणे डिंकाने चिकटवून येतात आणि उघडली की हमी संपते. अशा काळात पुढचा बाबूराव कुठे शिकेल, हा प्रश्न चित्रपटापुरता उरत नाही.

करण्यासारखे साधे काम एक आहे. ज्या गावात जुना प्रोजेक्टर चालवणारा, तंबू ठोकणारा, चोक गुंडाळणारा माणूस हयात आहे, तिथे जाऊन त्याच्याकडून यंत्राची मापे, शब्द आणि युक्त्या उतरवून घ्याव्यात. अभिनेत्यांच्या आठवणी आपण पुष्कळ छापल्या. एखाद्या दिवाळी अंकात आता दिवा धरणाऱ्याचीही आठवण छापली जावी.