एक्स्चेंज स्टुडंट म्हणजे नेमकं काय? एका सेमिस्टरमध्ये काय बदलतं?

परदेशात शिकायचं म्हणजे इथलं कॉलेज सोडून, लाखोंचं कर्ज काढून जायचं, असा अनेकांचा समज असतो. एक्स्चेंजमध्ये तसं नसतं. शिराळ्यातला विद्यार्थी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचाच राहतो, पदवीही तिथलीच मिळते. फक्त एखादं सेमिस्टर किंवा वर्ष परदेशी विद्यापीठात जातं.

खर्च कोण करतं?
दोन विद्यापीठांत करार असेल, तर फी सहसा आपल्याच विद्यापीठात भरायची असते. प्रवास, राहणं, जेवण हा खर्च वेगळा. युरोपात १९८७ साली सुरू झालेल्या ‘इरॅस्मस’ योजनेतून (आता इरॅस्मस प्लस) निवड झाली, तर त्यासाठी अनुदान मिळतं. म्हणून आपल्या विद्यापीठाचा करार कोणाशी आहे, हे आधी विचारावं.

सर्वात महत्त्वाचा कागद कोणता?
‘लर्निंग ॲग्रीमेंट’. तिथले कोणते विषय इथे धरले जाणार, हे त्यात लिहिलेलं असतं. युरोपात एक सेमिस्टर साधारण ३० क्रेडिटचं असतं. निघण्याआधी सह्या झाल्या नाहीत, तर परतल्यावर तेच विषय पुन्हा द्यावे लागू शकतात.

माणूस कशाने बदलतो?
रोजच्या जगण्याने. जर्मनीत रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, त्यामुळे किराणा शनिवारीच भरावा लागतो. स्वयंपाक, भाडं, आजारपण सगळं स्वतःच निभवायचं. मराठी माध्यमातून आलेल्यांना सुरुवातीला वर्गात बोलायची धास्ती वाटते. मोडक्यातोडक्या इंग्रजीत पहिला प्रश्न विचारला की भीड चेपते. आणि शिराळ्याची नागपंचमी, जिवंत नागांच्या पूजेवरचा वाद परक्या मित्राला समजावताना दोन्ही बाजू मांडाव्या लागतात. तेव्हा आपल्याच गावाचा नव्याने विचार होतो.