सगळ्यांचा किनारा : दुबई म्युनिसिपालिटीची वाटचाल

दुबई म्युनिसिपालिटीचा कारभार १९५४ साली सुरू झाला, तेव्हा समुद्रकिनारा लोकांसाठी राखून ठेवावा असा विचार करण्याची गरजच नव्हती. खाडीच्या एका काठाला देरा, दुसऱ्या काठाला बर दुबई, तोंडाशी शिंदगा आणि थोडं अंतर सोडून जुमेरा, हे मासेमारीवर आणि मोत्यांवर जगणारं गाव. होड्या वाळूवर ओढायच्या, जाळी तिथेच वाळवायची, माल तिथेच उतरवायचा. बाजारात भारतीय रुपया चालायचा. १९५९पासून रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळी नोट काढली, तीही १९६६पर्यंत व्यवहारात होती. मुंबई बंदराशी रोजचा संबंध असलेल्या या गावात किनाऱ्यावर जायला कुणाची परवानगी लागत नसे.

१९५७ साली दुबईचा कारभार सांभाळणाऱ्या शेख रशीद बिन सईद अल मक्तूम यांच्या फर्मानाने म्युनिसिपालिटीला सल्लागार मंडळ मिळालं. त्यात गावातले व्यापारी आणि प्रतिष्ठित मंडळी नेमलेली होती. निवडणूक नव्हती, पण गाव लहान असल्याने तक्रार घेऊन थेट शेखांच्या मजलिसमध्ये, म्हणजे भेटीच्या दरबारात, जाता येत असे. १९६० साली ब्रिटिश वास्तुरचनाकार जॉन हॅरिस यांनी दुबईचा पहिला विकास आराखडा केला. लोकसंख्या तेव्हा सुमारे ४० हजार. आराखड्यात रस्ते होते, बाजार होता, घरांसाठी आणि उद्योगांसाठी वेगळे भाग होते. त्याच सुमारास खाडीतला गाळ काढण्याचं मोठं काम झालं आणि निघालेल्या गाळाचा भराव घालून नवी जमीन तयार झाली. ती जमीन विकता येते, हे शहराच्या ध्यानात आलं. पुढच्या ५० वर्षांच्या दुबईचं बीज मला त्या भरावात दिसतं.

१९६०च्या दशकात सुदानहून आलेले कमाल हमझा म्युनिसिपालिटीचे संचालक झाले आणि त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ ते पद सांभाळलं. त्या वर्षांत म्युनिसिपालिटीपुढे पाणी, सांडपाणी, रस्ते, कचरा आणि झाडं हे प्रश्न होते. किनाऱ्याला मागणी होती ती बंदरांची. १९७२ साली पोर्ट रशीद आणि १९७९ साली जबल अली उभं राहिलं. शहराचं पोट ज्यावर भरतं त्या गोष्टींना पाण्याकाठची जागा आधी मिळाली. त्यात चूक काढता येणार नाही.

खुल्या किनाऱ्याची वेगळी व्यवस्था हवी, हे पुढे लोकांच्या संख्येनेच दाखवून दिलं. १९८०च्या दशकाच्या अखेरीस जुमेरा बीच पार्क आणि १९९०च्या दशकाच्या मध्याला अल ममझर बीच पार्क सुरू झालं. ममझरबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण दुबई-शारजातल्या मराठी कुटुंबांना समुद्र म्हटलं की आधी तीच जागा आठवते. ते पार्क शारजाच्या हद्दीला लागून आहे. भाडं परवडतं म्हणून शारजात राहणारी आणि नोकरीसाठी रोज दुबईला येणारी हजारो भारतीय कुटुंबं आहेत. त्यांना जुमेऱ्यापर्यंत गाडी हाकत जाण्यापेक्षा ममझर जवळ पडतं. हिवाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी तिथल्या झाडांखाली चटया अंथरलेल्या असतात, शेगड्या पेटलेल्या असतात, पोरं उथळ पाण्यात डुंबत असतात. मंडळांची स्नेहसंमेलनं होतात, बायका-मुलांसाठी राखलेल्या दिवशी मैत्रिणींचे गट जमतात. प्रवेश माणशी ५ दिरहम आणि गाडी घेऊन गेल्यास ३० दिरहम, नोल या प्रवासाच्या कार्डावर. एका कुटुंबाला हा खर्च जाणवत नाही. महिन्याकाठी घरी पैसे पाठवून जेमतेम उरलेल्या रकमेवर जगणाऱ्या कामगाराला बसभाडं धरून तो जाणवतो. तरीही पार्कने एक मोठी गोष्ट केली : सावली, स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि जीवरक्षक या चार गोष्टींशिवाय आखाती किनारा सामान्य माणसाच्या उपयोगाचा होत नाही, हे त्याने दाखवून दिलं. नुसती वाळू मोकळी ठेवून भागत नाही.

मग २००१ साली पाम जुमेराचं काम सुरू झालं. समुद्रात भराव घालून किनाऱ्याची लांबी वाढवायची आणि वाढलेल्या किनाऱ्यावर घरं, हॉटेलं बांधायची, ही कल्पना जगभर गाजली. दुबईची अर्थव्यवस्था तिने बदलली, हेही खरं. पण वाढलेला बहुतेक काठ घरमालकांच्या आणि हॉटेलांच्या वाट्याला गेला. मूळ किनाऱ्यावरही रहिवासी मनोरे आणि हॉटेलं दाटली. पुढे दुबई वॉटर कॅनॉल खणला गेला, २०१६ साली तो खुला झाला, आणि त्या काळात जुमेरा बीच पार्क बंद झालं. ज्यांचं लहानपण त्या हिरवळीवर गेलं त्यांना त्याची हळहळ आजही वाटते, आणि ती योग्यच आहे. कालव्याच्या दोन्ही काठांनी चालायच्या सुरेख वाटा मिळाल्या, पण वाट आणि वाळू यांची बरोबरी होत नाही.

त्याच दशकात म्युनिसिपालिटीने एक साधं पण दूरगामी काम केलं. २०१४ साली जुमेरा किनाऱ्याच्या कडेने सुमारे १४ किलोमीटरची सलग वाट तयार झाली : धावण्यासाठी मऊ पट्टा, शेजारी फळ्यांची चालवाट. तोवर प्रत्येक वाळूचा तुकडा स्वतंत्र होता. बंगल्यांच्या मधल्या गल्लीतून समुद्रापर्यंत जायचं, तिथेच बसायचं आणि त्याच गल्लीने परत यायचं. सलग वाटेमुळे एका टोकाला उतरून दुसऱ्या टोकाला चालत जाता येऊ लागलं. पहाटे धावणारे, संध्याकाळी बाबागाडी ढकलणारे, सायकलवाले, काइट बीचवर पतंगांच्या दोरीने पाण्यावरून सरकणारे, सगळे एका रेषेवर आले. किनारा सार्वजनिक करण्याचा हा सगळ्यात स्वस्त उपाय असतो, असं माझं मत आहे. एकदा लोक तिथून रोज चालू लागले की तो पट्टा कुणाला सहजासहजी बंद करता येत नाही.

मुंबईने हे आपल्या डोळ्यांसमोर सिद्ध केलं आहे. वांद्र्याचा जॉगर्स पार्क १९९० साली उभा राहिला, नंतर बँडस्टँड आणि कार्टर रोडचे काठ रहिवाशांच्या संघटनांनी पाठपुरावा करून आणि पी. के. दास यांच्यासारख्या वास्तुरचनाकारांच्या मदतीने अतिक्रमणातून आणि कचऱ्यातून बाहेर काढले. फेब्रुवारी १९९१च्या सीआरझेड, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या, अधिसूचनेचा आधार त्यांना होता. सुनावणी, हरकती, कोर्ट, नगरसेवकाच्या कार्यालयात चकरा, हा तिथला रस्ता. दुबईत हा रस्ता नाही. इथे आराखडा वरून येतो, युवराज शेख हमदान बिन मोहम्मद त्याला मंजुरी देतात, म्युनिसिपालिटी तो राबवते, आणि रहिवासी ८००९०० या क्रमांकावर सूचना आणि तक्रारी नोंदवतो. आराखडा जलद पुरा होतो, हा त्याचा मोठा गुण. रहिवाशाला, विशेषतः परदेशी रहिवाशाला, आराखडा होण्याआधी बसायला खुर्ची नसते, ही त्याची उणीव. तरी रहिवाशांचा आवाज इथे कधी पोचलाच नाही असं नाही. खाडीकाठचा बस्तकिया भाग पाडायचा चालला होता तेव्हा तिथे राहणारे ब्रिटिश वास्तुरचनाकार रेनर ऑटर यांनी तो वाचवण्यासाठी मोहीम उघडली. १९८९ साली ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स यांनी त्या भागाला भेट दिली, आणि पुढे म्युनिसिपालिटीनेच त्या वाड्यांचं जतन हाती घेतलं. आज तोच भाग अल फहिदी म्हणून ओळखला जातो.

शेजारच्या अबू धाबीने दुसरी पद्धत पाहिली. २००७ साली तिथे नागरी नियोजन परिषद स्थापन झाली, कॅनडातल्या व्हँकुव्हर शहराचे नियोजक लॅरी बीझली यांना सल्लागार म्हणून बोलावलं गेलं, आणि २०३० सालापर्यंतचा आराखडा आला. कोर्निशचा, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्याचा, सुमारे आठ किलोमीटरचा काठ शहराचं मुख्य आवार मानला गेला, तिथल्या बीचला २०११ साली स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना दिला जाणारा ब्लू फ्लॅग मिळाला. ती परिषद २०१८च्या सुमाराला दुसऱ्या खात्यात विलीन झाली. कोर्निश मात्र राहिली.

दुबईच्या वाटचालीतलं खरं वळण १३ मार्च २०२१ला आलं. दुबईचे शासक शेख मोहम्मद बिन रशीद यांनी '२०४० नागरी आराखडा' जाहीर केला. २०२० सालची ३३ लाख लोकसंख्या २०४०पर्यंत ५८ लाखांवर जाईल, हिरव्या आणि करमणुकीच्या जागा दुप्पट होतील, ५५ टक्के लोक मुख्य सार्वजनिक वाहतुकीच्या स्थानकापासून ८०० मीटरच्या आत राहतील, आणि सार्वजनिक किनाऱ्याची लांबी ४०० टक्क्यांनी वाढेल, असं त्यात होतं. २०२४च्या सार्वजनिक किनाऱ्यांच्या आराखड्याने त्याला आकडा दिला : २१ किलोमीटरवरून १०५ किलोमीटर. मी हिशेब करून पाहिला. २०२०च्या लोकसंख्येला दर हजार माणसांमागे साडेसहा मीटरही किनारा नव्हता. सगळं ठरल्याप्रमाणे झालं तर २०४०मध्ये दर हजारांमागे १८ मीटर मिळेल. लोकसंख्या वाढत असतानाही माणशी वाटा जवळजवळ तिप्पट व्हावा, असा संकल्प करणारी किनारी शहरं थोडी आहेत, आणि त्याचं मनापासून कौतुक करायला हवं.

या आराखड्याच्या आधीच, २०२३च्या उन्हाळ्यात, एक छोटं काम झालं होतं. जुमेरा २, जुमेरा ३ आणि उम सुकेम १ या तीन ठिकाणी मिळून ८०० मीटर किनारा रात्री पोहण्यासाठी उघडला गेला. दिव्यांचे खांब, जीवरक्षक, सूचनांचे मोठे पडदे. दीड वर्षात १५ लाख लोक तिथे येऊन गेले. उन्हाळ्यात दुबईत दुपारी बाहेर काम करणंसुद्धा १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात कायद्याने बंद असतं. अशा हवेत दिवसाचा किनारा वर्षातले निदान चार महिने कागदावरच राहतो. काम संपवून रात्री नऊनंतर जेवून निघालेल्या माणसाला पाण्यात उतरता यावं, हा विचार मला या सगळ्या वाटचालीतला सगळ्यात माणुसकीचा वाटतो. ८०० मीटर दिव्यांनी किती दिवस ओस राहणारा किनारा पुन्हा वापरात आणला, हे मोजायला लांबीचं माप अपुरं पडतं.

त्याच मनोवृत्तीतून पुढच्या गोष्टी आल्या. ममझर कोर्निशवर तरंगती चालवाट आणि फक्त स्त्रियांसाठी स्वतंत्र किनारा ठरला. वाळूवर चाकाच्या खुर्चीसाठी पट्टे अंथरले गेले. जबल अलीला ६.६ किलोमीटरचा खुला किनारा आखला गेला, त्यात खारफुटीची लागवड आणि कासवांच्या घरट्यांसाठी राखीव जागा आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर खारफुटी तुटताना पाहिलेल्या माणसाला, करमणुकीच्या आराखड्यात खारफुटीला मुळातच जागा दिलेली पाहून बरं वाटतं.

मात्र एका मुद्द्यावर म्युनिसिपालिटीशी माझा स्पष्ट मतभेद आहे. २०२५च्या ईद-उल-फित्रच्या सुट्टीत जबल अली, ममझर, जुमेरा आणि उम सुकेम या भागांतले आठ सार्वजनिक किनारे केवळ कुटुंबांसाठी ठेवले गेले. कारण समजण्यासारखं आहे : सुट्टीत गर्दी उसळते, बायका-मुलांना संकोच वाटू नये. पण दुबईत एकटा राहणारा पुरुष म्हणजे शहर बांधणारा माणूस. सोनापूर, अल कूझ, जबल अलीच्या कामगार वस्त्यांत राहणाऱ्याचं कुटुंब सोलापूरला, गोरखपूरला किंवा सिल्हेटला असतं. आठवड्यातले सहा दिवस काम, वर्षातल्या मोजक्या सणांना जोडून सुट्टी. नेमक्या त्या दिवसांत जवळचा किनारा त्याला बंद होणार असेल, तर त्याच्यासाठी २१चे १०५ झाले काय आणि न झाले काय. वेळेच्या पाळ्या करता आल्या असत्या. एका टोकाचे काही किनारे कुटुंबांसाठी ठेवून बाकीच्यांवर जादा बस आणि जादा जीवरक्षक देता आले असते. रात्रीच्या किनाऱ्याने जी कल्पकता दाखवली तीच इथे वापरता येईल, म्हणूनच हा आग्रह.

वाहतुकीचंही तसंच. २००९ साली सुरू झालेली मेट्रोची रेड लाइन शेख झायेद रोडला धरून जाते, जुमेऱ्याची वाळू तिथून काही किलोमीटरवर राहते, आणि ते अंतर उन्हात पायी तोडणं अवघड आहे. २०२९ साली सुरू व्हायची असलेली ब्लू लाइन शहराच्या आतल्या बाजूने जाते. म्हणजे नव्या किनाऱ्यांपर्यंत गाडी नसलेल्या माणसाला पोचवायचं काम बसवरच येणार. जबल अलीच्या ६.६ किलोमीटरच्या आराखड्यात वाहनतळाच्या जागा आहेत. त्यांच्या शेजारी कामगार वस्त्यांकडून सुट्टीच्या दिवशी थेट येणाऱ्या बसचे थांबे नकाशावर दाखवले जावेत, आणि ईदच्या दिवशी कुणाला कुठे जाता येईल हेही वर्षाच्या सुरुवातीलाच त्याच नकाशावर लिहिलं जावं. ८००९०० वर नोंदवायची सूचना म्हणून एवढी पुरे.