‘कर्व्ह करून पाठव’: वऱ्हाडातल्या एका अक्षराची गोष्ट

इतिहासाच्या आपल्या या भागात आज ना राजे आहेत, ना लढाया. आज एका वाक्याचा इतिहास आहे. महाराष्ट्रातल्या कुठल्याही डीटीपीच्या दुकानात दिवसातून दहा वेळा हे वाक्य ऐकू येतं: “भाऊ, फाइल कर्व्ह करून पाठव.”

मी कामरगावचा. तालुका कारंजा, जिल्हा वाशीम. लग्नपत्रिका, दुकानाच्या पाट्या, फ्लेक्स, शाळेच्या कार्यक्रमाचे बॅनर असली कामं करतो. गेले काही आठवडे मी इंकस्केप नावाचं फुकट प्रोग्रॅम वापरून बघतोय, आणि ते वापरताना या वाक्याचा अर्थ पहिल्यांदा नीट कळला. म्हणून हा भाग.

आधी ‘कर्व्ह करणं’ म्हणजे काय ते बघू. पत्रिकेत मी ‘शुभविवाह’ टाइप केलं, तर ती अक्षरं असतात. शोधता येतात, चूक असेल तर दुरुस्त करता येतात. पण छापखान्याच्या कॉम्प्युटरवर माझा फॉन्ट नसेल, तर तिथे भलतंच काहीतरी उमटतं. म्हणून अक्षरांचं चित्र करून पाठवायचं. चित्र झालं की फॉन्ट लागत नाही. पण मग ते अक्षरही राहत नाही. कॉम्प्युटरच्या लेखी ‘शुभविवाह’ हा शब्दच संपतो, उरतात फक्त वळणदार रेषा.

आता प्रश्न असा, की आपलंच अक्षर दुसऱ्या गावाला पाठवताना त्याचं चित्र करायची वेळ आपल्यावर का आली?

लोखंडात कोरलेलं अक्षर

यासाठी जावं लागतं मुंबईला, एकोणिसाव्या शतकात. १८३१ मध्ये गणपत कृष्णाजींनी मराठी पंचांग छापलं, ते शिळाप्रेसवर. म्हणजे दगडावर हातानं लिहायचं आणि त्याचा ठसा घ्यायचा. वळण लिहिणाऱ्याच्या हाताचं, पण दर पानाला नवीन लिखाण.

सुट्या टाइपचं काम वेगळं. पोलादाच्या कांडीच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं. ती कांडी तांब्यावर ठोकून साचा करायचा. साच्यात शिसं ओतून खिळे पाडायचे. इंग्रजीला थोडे खिळे पुरतात. मराठीला मूळ अक्षरं, काने, मात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरं असे शेकडो लागतात.

या कामात मोठं नाव झालं ते जावजी दादाजी चौधरी यांचं. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासण्यापासून त्यांनी सुरुवात केली, आणि पुढे १८६९ मध्ये स्वतःचा निर्णयसागर छापखाना काढला. राणू रावजी आरू हे त्यांचे अक्षर कोरणारे सोबती. निर्णयसागरच्या टाइपचं वळण लोकांच्या डोळ्यांत इतकं बसलं, की ‘मराठी अक्षर’ म्हटलं की तेच समोर यायचं. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा: कोरलेला ठसा ज्याच्याकडे, अक्षर त्याचं.

गाड्यांच्या कारखान्यातली वळणं

आता थोडं लांब जाऊ, फ्रान्सला. आपल्या अक्षराला पुढचं रूप तिथल्या मोटारींनी दिलं.

मोटारीच्या पत्र्याचं वळण यंत्राला आकड्यांत कसं सांगायचं? १९५९ च्या सुमारास सिट्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी याचं गणित सोडवलं. कंपनीनं ते गुपित ठेवलं. रेनो कंपनीत पिएर बेझिए यांनी तशाच वळणांवर काम केलं, पण ते जाहीर केलं. म्हणून आज जगभर त्या रेषेला ‘बेझिए कर्व्ह’ म्हणतात. आधी शोधलं त्याचं नाव मागे पडलं, आणि ज्यानं सांगितलं त्याचं नाव राहिलं.

गंमत अशी, की ही वळणं अक्षरांना एकदम फिट बसली. चार बिंदू द्या: दोन टोकं आणि दोन ओढ देणारे. रेष आपोआप वळते. मोठी करा, लहान करा, फाटत नाही. मोबाइलमधला फोटो झूम केला की चौकोन दिसतात. वेक्टरमध्ये तसं होत नाही, ते यामुळेच. १९८४ मध्ये अडोबी कंपनीची पोस्टस्क्रिप्ट ही छपाईची भाषा आली, तिच्यात अक्षरं अशाच वळणांची होती. १९८७ मध्ये इलस्ट्रेटर आलं, १९८९ मध्ये कॅनडातून कोरलड्रॉ. आणि ‘कोरल’ आपल्या गल्लीतल्या दुकानापर्यंत पोचलं.

अक्षर मराठी, घर इंग्रजी

इथे मेख आहे. त्या काळच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त २५६ घरं, आणि ती इंग्रजी अक्षरांसाठी ठरलेली. मराठी फॉन्ट बनवणाऱ्यांनी त्याच घरांत आपली अक्षरं बसवली. म्हणजे कॉम्प्युटरला वाटतं इंग्रजी अक्षर टाइप झालं, पडद्यावर मात्र मराठी दिसतं. जुगाड म्हणून भारीच! त्याच जुगाडावर मराठी वर्तमानपत्रं निघाली, पुस्तकं निघाली, आपली डीटीपीची दुकानं उभी राहिली.

पण श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, प्रत्येकाची मांडणी वेगळी. एका फॉन्टमधला ‘क’ दुसऱ्यात तिसरंच काही. फॉन्ट काढला की मागे इंग्रजी अक्षरांचा काला. म्हणून ‘कर्व्ह करून पाठव’. या वाक्याचा जन्म इथला.

एक उदाहरण घ्या. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला. कामरगावच्या पत्त्यात ‘जि. अकोला’च्या जागी ‘जि. वाशीम’ आलं. ज्या लेटरहेडच्या फाइलमध्ये पत्ता अक्षरांत होता, तिथे एक शब्द बदलायचा. जिथे तो कर्व्ह झालेला, तिथे पुन्हा सगळं रचायचं. शब्द आणि त्याचं चित्र यात फरक असतो तो असा.

उपाय तयार होत होता. १९९१ च्या युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःची घरं मिळाली. ‘क’चा क्रमांक जगात सगळीकडे एकच. विंडोजमधला ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्ट र. कृ. जोशी यांनी घडवला, अक्षरांसाठी आयुष्य दिलेला मराठी माणूस. पुढे मुंबईच्या ‘एक टाइप’ मंडळींनी मुक्त, बालू यांसारखे फॉन्ट खुल्या परवान्यावर दिले. म्हणजे घ्या, वापरा, दुसऱ्याला द्या.

वाटणी, पण भांडणाविना

आणि इंकस्केप? त्याचा इतिहास गावातल्या वाटणीसारखा आहे. १९९९ मध्ये एस्टोनियाच्या लॉरिस काप्लिन्स्की यांनी ‘सोडिपोडी’ नावाचं चित्रकामाचं प्रोग्रॅम सुरू केलं. त्याच्याही आधी राफ लेव्हियन यांचं ‘गिल’ होतं. २००१ मध्ये वेबच्या मानक-संस्थेनं एसव्हीजी ही चित्रांची खुली मांडणी पक्की केली. २००३ मध्ये सोडिपोडीतले चार जण वेगळे निघाले. त्यांना एसव्हीजीचे नियम काटेकोर पाळायचे होते आणि काम जास्त लोकांसाठी मोकळं ठेवायचं होतं. त्यातून इंकस्केप आलं.

शेताची वाटणी झाली की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतं. इथे परवानाच असा, की मूळ वावर जसंच्या तसं राहतं आणि नवीनही पूर्ण मिळतं. १.० ही आवृत्ती यायला मात्र २०२० उजाडलं. सतरा वर्षं!

‘वऱ्हाड’ची परीक्षा

मी तपासायला शब्द घेतला तो आपलाच: वऱ्हाड. यातला ‘ऱ्ह’ बघा. हा आडवा अर्धा र मराठीला रोज लागतो. ज्या प्रोग्रॅमला मराठी कळत नाही, ते इथे हमखास अडखळतं, एकतर रफार करतं नाहीतर पाय मोडून ठेवतं. ‘मुक्त’ फॉन्टमध्ये टाइप केलं, इंकस्केपनं ‘वऱ्हाड’ बरोबर दाखवलं.

मग पाथ मेनूतून त्याचे कर्व्ह केले आणि बाहेरून रेघ दिली, तर शिरोरेषेवर अक्षराअक्षरात सांधे दिसायला लागले. कारण प्रत्येक अक्षर आपली शिरोरेषा घेऊन येतं आणि ती शेजाऱ्यावर चढते. सगळं निवडून त्याच मेनूतलं ‘युनियन’ दाबलं, सांधे गेले. नवशिक्यांनी हे लिहूनच ठेवा.

त्यानंतर एका जुन्या पत्रिकेची कोरलची फाइल उघडली. कमळाची नक्षी बऱ्यापैकी आली. मजकुराच्या जागी मात्र इंग्रजी अक्षरांचा काला. आजोबांचं नाव, गावाचं नाव, मुहूर्त, काहीच वाचता येईना. अशा किती पत्रिका, स्मरणिका, गावच्या जत्रेची पत्रकं जुन्या हार्ड डिस्कवर पडून असतील, विचार करा. त्या हरवल्या नाहीत. फक्त वाचता येत नाहीत.

कमतरताही सांगतो. इंकस्केप मुळात पडद्याच्या तीन रंगांत विचार करतं, ऑफसेटला लागतात चार. छपाईचं काम असेल तर रंग छापखान्यात आधी तपासून घ्या. जड फाइलला ते रेंगाळतं. आणि ते मोबाइलवर चालत नाही, कॉम्प्युटर लागतोच. ज्या दुकानाचा सगळा धंदा कोरलवर उभा आहे, त्यानं उद्याच सोडावं असं मी म्हणणार नाही.

पण एक गोष्ट तुम्ही मोबाइलवरही करू शकता. एखादी साधी एसव्हीजी फाइल घ्या आणि नोट्स लिहायच्या अ‍ॅपमध्ये, म्हणजे टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. आत साधी वाक्यं दिसतील. एम म्हणजे पेन इथे ठेव, सी म्हणजे इथून असं वळ, झेड म्हणजे रेष बंद कर. मजकूर कर्व्ह केलेला नसेल, तर त्यातच मराठीत लिहिलेला दिसेल: वऱ्हाड. कुठलंही विकतचं प्रोग्रॅम लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही.

जावजींच्या काळी अक्षर पोलादात होतं, डीटीपीच्या काळी परक्या घरांत. आता ते आपल्या घरी आलंय, पण आपण ते उघडं ठेवलं तरच.

म्हणून एवढंच करा. छापखान्याला कर्व्ह केलेली फाइल द्या, द्यावीच लागते. पण त्याआधी युनिकोडमधली, जिवंत अक्षरांची एक प्रत बाजूला ठेवा, सोबत खुला फॉन्टही. आणि घरात जुनी पत्रिका छापील असेल, तर तिच्यातला मजकूर मोबाइलवर मराठीत टाइप करून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे. वीस वर्षांनी कुणीतरी आजोबांचं नाव शोधेल, आणि ते सापडेल.

भेटूया पुढच्या भागात. तोवर, ऐकत राहा!