बुवा आणि भागवतर

पंढरपूरहून टेंभुर्णीकडे जाणाऱ्या वाटेवरील करकंब आणि त्याच्या भोवतालची गावे वारकरी कीर्तनाच्या मुलखात मोडतात, आणि या मुलखात नारदाच्या गादीवर, म्हणजे कीर्तनकाराच्या जागी, उभ्या राहणाऱ्या माणसाला ‘बुवा’ किंवा ‘महाराज’ म्हणण्याची रीत आहे. देशमुखी किंवा पाटीलकीप्रमाणे ही उपाधी वतनाने चालत आलेली नसून ती श्रोत्यांनी दिलेली असते, आणि हेच तिचे मोठेपण होय. वारकरी शिक्षणाला संस्थेचे रूप देण्यासाठी 1917 मध्ये आळंदीत वारकरी शिक्षण संस्था स्थापन करणारे जोग महाराज लोकांच्या तोंडी विष्णुबुवा होते, तसेच ‘वेदोक्त धर्मप्रकाश’ लिहिणारे विष्णुबुवा ब्रह्मचारीही ‘बुवा’ म्हणूनच स्मरणात राहिले.

एकोणिसाव्या शतकात हीच उपाधी गवयांकडेही ठळकपणे दिसू लागली. ग्वाल्हेरच्या हस्सूखाँकडे शिकलेले वासुदेवबुवा जोशी, त्यांचे शिष्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (1849–1926), तसेच भास्करबुवा बखले आणि रामकृष्णबुवा वझे या गवयांच्या नावांतून ती इतकी एकजीव झाली की ती वगळून त्यांची नावे उच्चारणेही कठीण जाते. मात्र बाळकृष्णबुवांचेच शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि संगीताचे शिक्षण परीक्षा व पदव्यांच्या चौकटीत आणले, त्यानंतर ‘पंडित’ ही उपाधी वाढत गेली आणि गवयांमधील ‘बुवा’ मागे पडले.

या उपाधीचे तमिळ भावंड म्हणजे ‘भागवतर’, अर्थात भगवंताचा भक्त, आदरार्थी बहुवचनी रूपात. भजनी परंपरेत आणि मेलट्टूरसारख्या गावांतील भागवत मेळ्यात, म्हणजे नृसिंहोत्सवात होणाऱ्या नृत्यनाट्यात, हा शब्द आधीपासून रूढ होता. परंतु त्याला व्यासपीठ आणि प्रतिष्ठा मिळाली ती बव्हंशी मराठी कीर्तनामुळे, ही गोष्ट महाराष्ट्रात पुरेशी ठाऊक नाही. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावरला भोसल्यांचे राज्य स्थापन केल्यापासून तेथे समर्थ संप्रदायाचे मठ आणि मराठी कीर्तने होती, आणि ते राज्य इंग्रजांनी 1855 मध्ये खालसा केल्यावरही ही परंपरा थांबली नाही. पुढे 1864 च्या सुमारास रामचंद्रबुवा मोरगावकर तंजावरला आले व त्यांनी चातुर्मासात कीर्तने केली, तेव्हा त्यांच्या शैलीने भारावलेल्या कृष्ण भागवतर (निधन 1903) यांनी ती तमिळमध्ये उतरवून आजच्या हरिकथेला आकार दिला. हे कीर्तन वारकरी पद्धतीचे नसून नारदीय होते, म्हणजे पूर्वरंगात तत्त्वनिरूपण आणि उत्तररंगात आख्यान अशा रचनेचे, आणि म्हणूनच साकी, दिंडी, ओवी व अभंग ही मराठी वृत्ते आणि छंद तमिळ हरिकथेत आजही त्याच नावांनी ओळखले जातात. तमिळ श्रोते मोरगावकरांना ‘मोरकर बावा’ म्हणत. बुवांची उपाधीही अशा रीतीने थोडी बदलून तेथे रुजली.

त्यानंतर ‘भागवतर’ या उपाधीचा प्रवास ‘बुवा’सारखाच कथेकडून गाण्याकडे झाला. हरिकेशनल्लूर मुत्तय्या भागवतर (1877–1945) हरिकथाकारही होते आणि रचनाकारही, तर चेंबै वैद्यनाथ भागवतर (1896–1974) यांनी ती निव्वळ मैफलीच्या गायकाची म्हणून मिरवली. एम. के. त्यागराज भागवतर यांनी तिला रुपेरी पडद्यावर नेले. 1944 चा त्यांचा ‘हरिदास’ हा चित्रपट मद्रासच्या ब्रॉडवे चित्रगृहात ओळीने तीन दिवाळ्या चालला.

एक उणीव मात्र दोन्ही उपाध्यांत सारखीच राहिली. सी. सरस्वती बाई यांनी विरोध सोसून हरिकथेत स्त्रियांना वाट करून दिली, तरी त्या ‘भागवतर’ नव्हे, ‘बाई’च राहिल्या, आणि महाराष्ट्रातही स्त्री कीर्तनकाराला ‘ताई’ म्हटले जाते, ‘बुवा’ कधीच नाही. कीर्तन हे दोन्ही प्रांतांना जोडणारे धन आहे, म्हणून तंजावरच्या मराठी कीर्तनाचा अभ्यास महाराष्ट्रातील कीर्तन विद्यालयांच्या अभ्यासक्रमात आला पाहिजे.