ऐकू न येणारा भेद

शालेय इंग्रजी व्याकरणाच्या बहुतेक पुस्तकांत समोच्चारी शब्दांची एक यादी असते. 'सी' म्हणजे समुद्र आणि 'सी' म्हणजे पाहणे. 'सन' म्हणजे सूर्य आणि 'सन' म्हणजे मुलगा. 'नाइट' म्हणजे रात्र आणि 'नाइट' म्हणजे सरदार. विद्यार्थी ती पाठ करतो, शिक्षक गाळलेल्या जागा भरून घेतात आणि प्रकरण संपते. देवनागरीत लिहिताना तर ही जोडी कागदावरही एकरूप होते. भेद सांगायचा तर अर्थ द्यावा लागतो किंवा स्पेलिंगमधील अक्षरे सुटी करून सांगावी लागतात. यादीची मांडणी अशी असते, की हे शब्द पहिल्यापासून असेच होते असे वाटावे. प्रत्यक्षात त्यांतील प्रत्येक जोडीला एक जन्मकाळ आहे आणि काही जोड्यांना मृत्यूही आला आहे. हा भेद केव्हा, कसा आणि कोणासाठी निर्माण झाला, असे विचारले की यादीचा इतिहास होतो.

या जोड्या मुख्यतः दोन उलट दिशांनी घडल्या. पहिली दिशा वेगळ्या शब्दांनी एका ध्वनीत येऊन मिळण्याची. चॉसरच्या काळी 'मांस' आणि 'भेटणे' या अर्थांचे शब्द निराळे ऐकू येत असत. दोहोंत दीर्घ 'ए' होता. पण पहिल्यातला विवृत, तोंड अधिक उघडून उच्चारलेला, आणि दुसऱ्यातला संवृत. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीचे सगळे दीर्घ स्वर आपापल्या जागा सोडून सरकले. ऑटो येस्पर्सन या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी या घटनेला 'महास्वरांतर' अशा अर्थाचे नाव दिले. या सरकण्यात 'भेटणे' आधी 'मीट' झाले आणि 'मांस' मागाहून, सुमारे १७०० च्या आसपास, त्याच जागी येऊन पोहोचले. पण मधल्या काळात छपाई आली होती. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला मुद्रणालय काढले आणि पुढच्या दोन शतकांत स्पेलिंग हळूहळू गोठत गेले. त्यामुळे एकात 'ई-ए' आणि दुसऱ्यात 'डबल ई' ही खूण राहिली. जी आज आपल्याला निष्कारण छळ वाटते, ती एका विसरलेल्या उच्चाराची नोंद आहे.

व्यंजनांचेही तेच. सरदार या अर्थाच्या 'नाइट'मधला आरंभीचा 'के' एके काळी खरोखर उच्चारला जात असे. सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तो प्रमाण उच्चारातून गळाला आणि सरदार रात्रीत विरघळला. 'राइट' या एका ध्वनीत तर चार शब्द नांदतात : लिहिणे, योग्य, विधी आणि कारागीर. पहिला, दुसरा आणि चौथा हे जुन्या इंग्रजीतले तीन स्वतंत्र शब्द, तिसरा लॅटिनमधून आलेला. आरंभीचा 'डब्ल्यू' आणि मधला 'जीएच' मुके झाले आणि चौघे एका घरात आले.

दुसरी दिशा याच्या नेमकी उलट : एकच शब्द फुटून दोन झाले. 'फ्लावर' म्हणजे फूल आणि 'फ्लॉर' म्हणजे पीठ हे मुळात एकच. दळलेल्या धान्याचा जो उत्तम, चाळलेला भाग, ते त्याचे 'फूल'. डॉ. जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात पिठाला स्वतंत्र नोंद नाही. ते फुलाच्याच नोंदीत एक अर्थ म्हणून येते. 'मेटल' हा धातूवाचक शब्द माणसाच्या घडणीसाठी, तडफेसाठी वापरला जाऊ लागला आणि त्या लाक्षणिक अर्थाने पुढे वेगळे स्पेलिंग धारण केले. 'डिस्क्रीट' म्हणजे विवेकी आणि 'डिस्क्रीट' म्हणजे सुटासुटा, हे दोन्ही एकाच लॅटिन कृदन्ताचे वंशज आहेत. येथे कानाला कधीच भेद नव्हता. तो लेखनाने निर्माण केला, डोळ्यासाठी. एका शब्दाचे दोन अर्थ फार दूर गेले, तेव्हा लिहिणाऱ्यांनी त्यांना दोन पोशाख दिले.

मग बोलताना काय होते? बहुतेक वेळा काहीच होत नाही. वाक्याचा संदर्भ अर्थ निवडून देतो. पण संदर्भही अपुरा पडतो तेथे भाषा निर्दयपणे वागते. जुन्या इंग्रजीत राणीवाचक आणि स्त्रीवाचक असे दोन निकटचे शब्द होते. दुसऱ्याचा अर्थ घसरत कुलटेपर्यंत गेला. दोघांचे स्वर वेगळे होते तोवर निभावले. परंतु 'मीट'च्या जोडीप्रमाणे हेही 'क्वीन' या एकाच उच्चारात आले, तेव्हा राणीचे नाव घेताना शिवी ऐकू येण्याची सोय झाली. प्रमाण इंग्रजीतून दुसरा शब्द जवळजवळ नाहीसा झाला. ईशान्य स्कॉटलंडमध्ये मात्र तो 'क्वाइन' या निराळ्या उच्चाराने वाचला आणि तेथे त्याचा अर्थ आजही साधा 'मुलगी' असा आहे. 'लेट' या क्रियापदाची कथाही अशीच. 'करू देणे' आणि 'अडवणे' असे परस्परविरोधी अर्थ असलेले दोन शब्द एकरूप झाले आणि अडवणारा हरला. टेनिसमध्ये आणि ब्रिटिश पासपोर्टवरील निर्वेध प्रवासाच्या विनंतीत तेवढा तो उरला आहे. हॅम्लेट भुताच्या मागे जाताना मित्रांना धमकावतो तेव्हा त्याच्या तोंडी हाच मेलेला 'लेट' आहे. हे ठाऊक नसलेला विद्यार्थी त्या ओळीचा अर्थ बरोबर उलटा लावतो.

साहित्याच्या वाचकाला हा इतिहास टाळता येत नाही, तो यासाठी. शेक्सपिअरचा फॉल्स्टाफ कारणे ब्लॅकबेरीइतकी मुबलक असल्याची गोष्ट करतो, तेव्हा कारण आणि मनुका यांचे उच्चार त्या काळी सारखे होते हे माहीत नसेल, तर ब्लॅकबेरी तेथे कशी उगवली हे कळत नाही. २००४ मध्ये लंडनच्या ग्लोब रंगमंदिराने डेव्हिड क्रिस्टल यांच्या साहाय्याने 'रोमिओ अँड ज्युलिएट' शेक्सपिअरकालीन उच्चारांत सादर केले. अशा प्रयोगांनी हरवलेले श्लेष पुन्हा ऐकू येऊ लागले. उलट 'सन'वरचा जॉन डनचा श्लेष, सूर्य आणि देवपुत्र यांना एका ध्वनीत बांधणारा, आजही शाबूत आहे. म्हणजे समोच्चाराची यादी शतकागणिक बदलते. आज सारखे वाटणारे तेव्हा वेगळे होते आणि आज वेगळे वाटणारे तेव्हा सारखे.

या भेदाचे मोल किती, यावर एक सुंदर वाद १७६८ मध्ये झाला. लंडनमध्ये राहणाऱ्या बेंजामिन फ्रँकलिनने उच्चारानुसारी नवी वर्णमाला रचली आणि आपल्या घरमालकिणीची कन्या मेरी स्टीव्हन्सन हिला दाखवली. तिने त्याच वर्णमालेत पत्र लिहून आक्षेप घेतला : शब्दांच्या व्युत्पत्ती पुसल्या जातील आणि सारख्या उच्चारांच्या भिन्नार्थी शब्दांतला भेद नष्ट होईल. फ्रँकलिनचे उत्तर असे, की तो भेद उच्चारात केव्हाच नष्ट झाला आहे. घाईच्या बोलण्यात संदर्भ पुरतो, तर सावकाश वाचताना तो अधिकच पुरेल. युक्तिवाद चोख आहे, पण संदर्भ न पुरल्याची साक्ष 'क्वीन' आणि 'लेट' देतात. आणि फ्रँकलिन ज्याला ओझे म्हणतो, त्यात भाषेची स्मृती आहे, हे स्टीव्हन्सनने अचूक ओळखले होते.

पुढे १९१९ मध्ये राजकवी रॉबर्ट ब्रिजेस यांनी समोच्चारी शब्दांवर एक स्वतंत्र पुस्तिका लिहिली. त्यांची तक्रार दक्षिण इंग्लंडच्या उच्चाराविषयी होती. तेथे स्वरानंतरचा 'र' गळतो; त्यामुळे 'फादर' आणि 'फार्दर', 'कॉट' आणि 'कोर्ट' एक होतात. हा उच्चार प्रमाण म्हणून शाळांतून पसरला तर भाषा दरिद्री होईल, अशी त्यांना भीती होती. हे वाचताना मराठी शिक्षकाने थबकावे. आपला विद्यार्थी 'कोर्ट'मधला 'र' उच्चारतो. स्कॉटिश आणि बहुतेक अमेरिकन माणसेही उच्चारतात. त्यांच्या कानाला ही जोडी समोच्चारी नाहीच. उलट 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' इंग्रजांना भिन्न, पण मराठी ओठांवर ती एकमेकांत मिसळतात. पाठ्यपुस्तकातली यादी सर्व इंग्रजीची नव्हे. ती एका प्रदेशाच्या, एका काळाच्या कानाची यादी आहे.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत' यांतील फरक नेहमीच्या मराठी बोलण्यात फारसा ऐकू येत नाही; तो लिहिण्यात जपला जातो. ऱ्हस्व-दीर्घ काढून टाकावे की ठेवावे, हा आपला जुना वाद म्हणजे फ्रँकलिन-स्टीव्हन्सन वादच आहे. त्याचा निकाल येथे लावण्याचे कारण नाही. मात्र वर्गात एवढे करता येईल : यादीतील वीस जोड्या पाठ करून घेण्याऐवजी पाच जोड्यांची कुळकथा सांगावी. 'पीठ' हे धान्याचे फूल आहे हे एकदा कळलेला विद्यार्थी ते स्पेलिंग सहसा चुकणार नाही. आणि चुकला, तरी कानाला न ऐकू येणारा भेद लेखनाने कशासाठी सांभाळला, हे त्याला उमगलेले असेल.